दोन बहिणींचा नाकतोडा

मी एक जुना नाकतोडा आहे. मित्रांनो, हे वाचून गवतात टुणकन उडी मारणारा हिरवा किडा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो मी नव्हे. मी लाकडाचा आहे, कागदाचा आहे आणि आता या वयात बराचसा गोंदाचाही आहे. मी एक छोटे विमान आहे. माझे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजले, तर पलंगाच्या रुंदीएवढे भरतील. माझ्या पोटात कोणी बसत नाही. मला उडवणारे माणूस जमिनीवर उभे राहून हातातल्या रिमोटच्या दांड्या हलवते, तशी माझी शेपूट हलते, आणि मग मी वळतो, चढतो, उतरतो. पुष्कळ लोक मला खेळणे म्हणतात. मी ते फारसे मनावर घेत नाही.

माझा जन्म पुस्तकांच्या घरात झाला. ही वाचायची पुस्तके नव्हती, आजारी पुस्तके होती. कोणाची पाठ निघालेली, कोणाची पाने सुटलेली, कोणाला वाळवी लागलेली. ती बरी करणारी बाई म्हणजे ताई. तिचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय होता आणि घराची पुढची खोली हाच तिचा कारखाना होता. मधोमध एक लांबरुंद टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, खिडकीखाली पुठ्ठ्यांची चळत आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. ताईबरोबर तिची धाकटी बहीण राहत असे. ती शहरात बस चालवायची. ताई तिला 'धाकटे' म्हणून हाक मारी, आणि धाकटीचे केस पिकायला लागले तरी ती हाक काही बदलली नाही.

एका हिवाळ्यात ताईने टेबलावर माझा आराखडा पसरला. सांडलेला गोंद चिकटू नये म्हणून त्यावर मेणकागद घातला. मग पुठ्ठे कापायच्या सुरीने तिने पिसासारख्या हलक्या लाकडातून माझ्या फासळ्या कापल्या. प्रत्येक फासळी ती दुसरीवर ठेवून डोळ्यांजवळ धरायची. केसाएवढा फरक दिसला, तरी पॉलिश पेपरने घासत बसायची. त्या फासळ्या टाचण्यांनी आराखड्यावर उभ्या केल्या, त्यांच्यातून लांब पट्ट्या ओवल्या आणि माझा सांगाडा तयार झाला. त्या दिवशी धाकटी कामावरून आली, बूट काढता काढता टेबलाकडे पाहून म्हणाली, "हा मासा कुणी खाल्ला गं?"

"हात लावू नकोस. ओला आहे अजून," ताई म्हणाली.

"मी कशाला हात लावू? मला जेवायला टेबल मिळेल का, एवढंच विचारते."

"मिळेल. पुढच्या महिन्यात."

सांगाड्यावर ताईने तलम कागद ताणून चिकटवला आणि त्यावर पाण्याचा फवारा मारला. ओला कागद आधी सुरकुतला. मला वाटले, बिघडले सगळे. पण वाळत गेला तसा तो आपसूक आवळत गेला आणि माझे पंख ढोलासारखे तंग झाले. ताईने टिचकी मारून पाहिली आणि ती स्वतःशीच हसली. मग मला रंग मिळाला. वरून पोपटी, खालून पांढऱ्यावर रुंद काळे पट्टे. आकाशात लांब गेल्यावर माझी पाठ दिसते आहे की पोट, हे खालून ओळखता यावे म्हणून ही व्यवस्था. नाकात तेलावर चालणारे एक लहानसे इंजिन बसले आणि त्यावर फिरणारा पंखा आला.

शहराबाहेर एक मोठे गवताळ मैदान होते. दर रविवारी सकाळी विमाने उडवणारी मंडळी तिथे जमत. चष्म्यांचे दुकान चालवणारे एक काका त्यांचे पुढारी होते. सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणत. आठवडाभर ते लोकांचे डोळे तपासत आणि रविवारी स्वतः डोळे फाडून आभाळात बघत. त्यांनीच मला पहिल्यांदा हातातून हवेत सोडले. मी चढलो, वळलो, मैदानाला एक चक्कर मारली. माझ्या काड्याकाड्यांतून वारा गेला आणि आपण कशासाठी जन्मलो ते मला कळले. उतरताना मात्र मी थेट नाकावर आपटलो आणि नाक मुळातून मोडले.

सावलीत वर्तमानपत्र वाचत बसलेली धाकटी तिथूनच म्हणाली, "नाकतोडा आहे हा."

काका हसले, ताईही हसली. नाव चिकटले ते कायमचे.

त्यानंतरची वर्षे माझ्या भरभराटीची होती. ताईचा हात असा काही बसला, की ती मला चालत चालत आपल्या पायांपाशी उतरवायची. नवशिके येत, मला हातात घेऊन उलटसुलट पाहत. "कागदाचा एवढा ताण कसा आणला हो?" असे विचारत. ताई पुस्तकांची खळ, पाणी, फवारा असे सगळे नीट समजावून सांगायची. धाकटी मात्र वर्तमानपत्रातून डोके वर काढत नसे. तिला माझ्यात काडीचा रस नव्हता. ती येत असे ती केवळ ताईला एकटीला जाऊ द्यायचे नाही म्हणून, आणि मैदानाला लागून असलेल्या टपरीवर चहा बरा मिळे म्हणून.

मग ती सकाळ आली. ताई एका जाडजूड शब्दकोशाचा पुठ्ठा कापत होती. मी समोरच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेला होतो, त्यामुळे मला सगळे दिसले. सुरी तिच्या हातातून गळून पडली. ती वाकून उचलायला गेली, तर उजवा हात पुढे गेलाच नाही. तिने धाकटीला हाक मारली, पण तोंडातून आला तो नुसता जाड, ओबडधोबड आवाज. धाकटी गणवेशाची बटणे लावत बाहेर आली. तिने ताईचा चेहरा पाहिला, तिला उचलून खुर्चीवर बसवले आणि फोन लावला.

ताई दवाखान्यातून परत आली तेव्हा तिचा उजवा हात तिच्याबरोबर होता, पण तिचा राहिला नव्हता. तो गळ्यातल्या झोळीत निजून असायचा. उजवा पाय ओढत चालायचा. आणि शब्द हरवले होते. मनात एक असायचे, ओठांवर दुसरेच यायचे, किंवा काहीच यायचे नाही. पुस्तके घेऊन येणारी माणसे हळूहळू यायची थांबली. दाबयंत्रावर धुळीची साय धरली.

दुपारी ती पलंगावर पडून राही. पलंग पुढच्या खोलीतच आणला होता. डोळे उघडले की समोर मी. एक दिवस तिने डावे बोट माझ्याकडे केले. "काढ," ती म्हणाली.

धाकटीने मला खुंट्यांवरून काढले आणि कपाटावर ठेवले. पुढे घाईगडबडीत माझ्यावर एक बॅग आली, बॅगेवर पांघरुणांचे गाठोडे आले. एका दुपारी माझ्या डाव्या पंखातून कट् असा आवाज आला. फासळी मोडली होती. तो आवाज खोलीत फक्त मीच ऐकला. कागद सैल पडला, चिरला. इंजिनातले तेल घट्ट होऊन चिकट झाले. कोळ्याने माझ्या शेपटीपासून भिंतीपर्यंत संसार थाटला. मित्रांनो, वापर होऊन झिजण्याचे मला कधी काही वाटले नाही. न वापरता झिजणे मात्र मला जड गेले.

ताईकडून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे. चमचा उचला, मणी ओवा, डाव्या हाताने रेघा मारा. ताई सुरुवातीला करायची, मग कंटाळली, मग भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. एकदा त्या मुलीने दाराशी धाकटीला सांगितले, "हात सुधारायला हाताला काम लागतं. मणी ओवणं हे काम नाही, हे त्यांनाही कळतंय."

त्याच आठवड्यात चष्मेवाले काका भेटायला आले. बराच वेळ बसले, मैदानावरच्या गमती सांगितल्या. निघताना चाचरत म्हणाले, "ताई, तुमचं विमान कपाटावर पडलंय. मी नेऊ का? आमच्या मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावतो. सगळे बघतील तरी."

ताईने मान हलवली. "ने."

काका उठून कपाटापाशी आले. तेवढ्यात धाकटी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"काका, थांबा. तो कुठेही जाणार नाही."

"अगं, ताईच म्हणाल्या..."

"ऐकलं मी. पण तो भिंतीवर लावायला बनवलेला नाही. मी दुरुस्त करते त्याला."

काका तिच्याकडे पाहतच राहिले. ताईने तर चक्क मान वळवून पाहिले. ज्या बाईने इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी धड पाहिले नव्हते, ती खुर्चीवर चढून माझ्यावरचे गाठोडे आणि बॅग खाली टाकत होती.

खरे सांगतो, तिच्या हाती पडलो तेव्हा मी घाबरलो. तिला भल्या मोठ्या बसचे चाक पेलायची सवय, आणि मी काडीचा. तिने माझा फाटका कागद सोलून काढला, मोडकी फासळी उपटली आणि तिच्या जागी दुसरी कापायला बसली. पहिली चिरली. दुसरी लहान झाली. तिसरी बसवली ती भिंत लिंपावी तसा गोंद लावून. कामावरून आली, की रोज जेवणाआधी ती ताईच्या पलंगासमोर हा उद्योग मांडायची. ताई पाठ करून पडलेली असायची, पण सुरीचा प्रत्येक कर्रर् आवाज ती ऐकत होती. तिची पाठ मला दिसत होती. चुकीचा काप गेला, की ती पाठ आक्रसायची.

एका संध्याकाळी ती कुशीवर वळली. बराच वेळ माझ्या पंखाकडे पाहत राहिली.

"वा... वाकडं," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. "काय?"

"वाकडं आहे."

"दिसतंय मला. मग सरळ करून दाखव."

ताईच्या चेहऱ्यावर राग आला. कितीतरी दिवसांनी तिथे काहीतरी आले होते. ती काठी न घेता उठली, टेबल धरत धरत आली आणि डाव्या हाताने तिने धाकटीची फासळी माझ्यातून उपटून खाली फेकली.

तेव्हापासून टेबलाशी दोघी बसू लागल्या. ताईने पट्टी दाबून धरायची, धाकटीने कापायचे. ताईने टाचणी जागेवर टेकवायची, धाकटीने दाबायची. भांडणे रोजची होती. ताईला "घास" म्हणायचे असे आणि तोंडातून "पुस" निघे. मग धाकटी पुसायची आणि ताई टेबलावर मूठ आपटायची. "माझ्यावर कशाला चिडतेस, तू पुस म्हणालीस, मी पुसलं," असे धाकटी म्हणे. पण पंख सरळ होत गेला. कागद ताणायचा दिवस आला तेव्हा एक टोक ताईच्या डाव्या हातात होते, दुसरे धाकटीच्या उजव्या. दोघी मागे मागे सरकत कागद ताणत होत्या आणि मी मधे. तो ताण अजून माझ्या अंगात आहे.

जुने इंजिन आता उपयोगाचे नव्हते. ते सुरू करायला दोन हात लागत. काकांनी बॅटरीवर चालणारी मोटर आणून दिली आणि माझ्या नाकात बसवली. मग माझा तोल पाहायचा होता. पंखांखाली दोन्हीकडे एकेक बोट धरून उचलले, तर विमान सपाट राहायला हवे. नाक जड वाटले किंवा शेपूट लोंबली, तर उडण्याची आशा सोडायची. पूर्वी ताई आपली दोन बोटे लावायची. आता डाव्या पंखाखाली तिचे बोट लागले, उजव्या पंखाखाली धाकटीचे. बॅटरी जराशी मागे सरकवली आणि मी दोन बहिणींच्या दोन बोटांवर सपाट तरंगलो.

रिमोटची अडचण मोठी होती. माझे वळणे, चढणे, उतरणे हे सगळे उजव्या दांडीवर असायचे आणि मोटरीचा जोर डाव्या दांडीवर. काकांनी रिमोट उघडला, आतल्या स्प्रिंगा आणि तारा बदलल्या आणि दांड्यांची अदलाबदल केली. आता डाव्या हाताने मला वळवायचे होते. उजव्या दांडीवर राहिला तो फक्त मोटरीचा जोर. "ती दांडी मी सांभाळते. गाडीला जोर किती द्यायचा ते मला शिकवायला नको," धाकटी म्हणाली.

रविवारी मैदानावर ताईच्या गळ्यात पट्ट्याने रिमोट अडकवला. तिच्या उजव्या खांद्याला चिकटून धाकटी उभी राहिली आणि तिने आपला हात उजव्या दांडीवर ठेवला. काकांनी मला सोडले. मी चढलो. जुना वारा पुन्हा अंगातून गेला. पण दोन माणसांचे एक विमान म्हणजे काय, ते कोणालाच ठाऊक नव्हते. लांब जाऊन मी मैदानाकडे वळलो. विमान समोरून येऊ लागले, की उजवे-डावे उलटे होते. ताईच्या उजव्या हाताला हे पाठ होते. डाव्याला नव्हते. मी कलंडलो. ताईला जोर हवा होता, तिच्या तोंडून भलताच शब्द निघाला. धाकटी घाबरली आणि तिने दांडी खाली ओढून हात काढून घेतला. माझ्या नाकावरचा पंखा थांबला. वेग संपला, की विमान नाक वर करूनही उडू शकत नाही. मी दगडासारखा खाली आलो.

नाक गेले, एक पंख उखडला, शेपूट दुमडली. ताई होती तिथेच गवतात बसली. "बास," एवढेच ती म्हणाली. धाकटीने माझे तुकडे खोक्यात भरले. घरी आल्यावर खोके टेबलाखाली गेले. मला वाटले, आता संपले.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेली. घरात शांतता होती. बऱ्याच वेळाने पलंग करकरला. पाय ओढत कोणीतरी आले. ताईने खोके पायाने पुढे सरकवले, वाकली आणि डाव्या हाताने माझा एकेक तुकडा टेबलावर ठेवू लागली. मोठे तुकडे आधी, मग मधले, मग काड्या. जे जुळत होते ते शेजारी शेजारी. एक पट्टी तिच्या हातून दोनदा पडली, ती तिने दोन्ही वेळा उचलली. मी तिला पुस्तके बरी करताना पाहिले होते. सुटलेली पाने ती अशीच लावायची, घाई न करता, रडारड न करता.

धाकटी परत आली आणि दारातच थबकली.

"गोंद आण," ताई म्हणाली.

धाकटीने बूटही काढले नाहीत. उलट्या पावली जाऊन गोंद घेऊन आली.

या वेळी दोघींनी नुसते मला बांधले नाही, सरावही बांधून काढला. माझ्या नाकावरचा पंखा काढून ठेवला होता. धाकटी मला दोन्ही हातांत उंच धरायची आणि तोंडाने भर्रर् आवाज करत घरभर चालायची. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून खिडकीपर्यंत. ताई खुर्चीत रिमोट घेऊन बसायची. धाकटी तिच्याकडे तोंड करून येताना माझा एक पंख मुद्दाम खाली झुकवायची. ताईने दांडी बरोबर हलवली, की माझी शेपूट योग्य बाजूला हलायची. "जो पंख पडला त्याच्याकडे दांडी ढकल. मी आरशात बघून बस मागे घेते तसंच आहे. डोकं चालवायचं नाही, पडलेल्या बाजूला आधार द्यायचा," असे धाकटीने आपल्या भाषेत सोपे केले. शेजारच्या काकू एकदा वाटी मागायला आल्या आणि हा प्रकार पाहून वाटी न घेताच परत गेल्या.

खरी लढाई शब्दांची होती. जोराची दांडी धाकटीकडे, पण जोर कधी हवा ते ताईलाच कळणार. त्यासाठी तीन शब्द ठरले. दे, कमी, बंद. तीनच शब्द, पण ताईला ते डोंगराएवढे होते. 'कमी' म्हणायला जावे तर 'दे' निघे. तिच्या चेहऱ्यावरून तिला काय म्हणायचे ते कळत असे, तरी धाकटी बोललेल्या शब्दाचेच ऐकायची. ताई चिडली, की ती म्हणायची, "ताई, तिथे मी वर विमानाकडे बघत असणार. तुझं तोंड मला दिसणार नाही. मनातलं मला ऐकू येणार नाही, तोंडातलंच येईल."

ताई दात आवळायची आणि पुन्हा म्हणायची. दे. कमी. बंद. भाजी निवडताना, केस विंचरताना, खिडकीत बसून. व्यायाम घेणारी मुलगी आली, तर तिला दारातच 'कमी' म्हणून दाखवले. मणी ओवायचे ताईने पुन्हा सुरू केले, कारण ज्या बोटांना मणी धरता येत नाही त्यांना दांडीही नीट धरता येणार नव्हती.

पुन्हा मैदानावर गेलो तेव्हा गवत वाढले होते आणि वारा थोडा खेळत होता. काकांनी ताईकडे पाहिले. "थांबायचं का आज?"

ताईने नाही म्हणून मान हलवली. रिमोट गळ्यात, डावा अंगठा दांडीवर, उजवा हात झोळीबाहेर काढून रिमोटच्या कडेवर नुसता टेकवलेला. धाकटी उजव्या खांद्याशी.

"दे," ताई म्हणाली, आणि मी काकांच्या हातातून सुटलो.

मी चढलो. "कमी." माझा सूर खाली आला. मी वळलो, लांब गेलो, पुन्हा वळून त्यांच्याकडे तोंड केले. वाऱ्याने डावा पंख दाबला, आणि क्षणात खालून मला आधार मिळाला. मी सरळ झालो. खाली दोघी एकमेकींकडे न पाहता माझ्याकडे पाहत होत्या. मी मैदानाला फेऱ्या मारल्या, मोठ्या, संथ. मला कोण उडवत होते, ते मला सांगता येणार नाही. दांड्या दोन होत्या, हात दोघींचे होते, पण माझ्यापर्यंत येत होते ते एकच सांगणे.

मग उतरायची वेळ झाली. वाऱ्याला तोंड देऊन मी खाली येऊ लागलो. "कमी. कमी." गवताची टोके वेगवेगळी दिसू लागली. इतक्यात डाव्या बाजूने एक सायकलवाला आपल्याच नादात मैदान तिरके कापत आला, थेट माझ्या वाटेवर. काका त्याच्याकडे धावले, पण ते पोहोचणार नव्हते. माझ्यात वेग उरला नव्हता. आता नुसते वळवले असते तर मी मागच्यासारखाच कोसळलो असतो, फरक इतकाच की या वेळी खाली माणूस होते.

"धाकटे, पूर्ण दे आणि हात काढू नकोस."

ताईचा आवाज मोठा नव्हता. पण शब्द सगळे जागच्या जागी होते. धाकटीने दांडी वर नेली आणि तिथेच दाबून धरली. माझी मोटर किंचाळली, नाक उचलले गेले आणि मी त्या सायकलवाल्याच्या डोक्यावरून निघून गेलो. त्याने टोपी सावरली आणि काय गेले ते पाहण्यासाठी मागे वळला.

मी पुन्हा एक फेरी घेतली. खाली धाकटीच्या गालांवरून पाणी वाहत होते, पण तिने ते पुसले नाही. हात दांडीवर होता. "कमी," ताई म्हणाली. मग, "बंद." मी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, उंच गवतात टेकलो, घसरलो आणि उलटा होऊन थांबलो. सुबक असे त्यात काही नव्हते.

काका मला आणायला निघाले. ताईने काठीने त्यांची वाट अडवली. मग ती काठी तिने धाकटीच्या हातात दिली आणि स्वतः निघाली. मैदान खडबडीत होते, गवत पायांत येत होते. उलटा पडल्या पडल्या मी तिला येताना पाहत होतो. उजवा पाय ओढत, मधे थांबत, श्वास घेत, पुन्हा निघत. धाकटी मागे उभी होती. तिचे दोन्ही हात काठीवर आवळलेले होते, पण ती एक पाऊलही पुढे आली नाही. ताई माझ्यापाशी पोहोचली. तिने डाव्या हाताने मला उचलले, गवत झाडले आणि मला आपल्या उजव्या काखेत ठेवले. त्या हाताला मूठ मिटता येत नव्हती, पण मला धरून ठेवण्याइतका जोर त्यात होता.

याला आता काही काळ लोटला आहे. ताई आता पुस्तके घेते, पण थोडीच, आणि मोठा पुठ्ठा कापायचा असला, की धाकटीची वाट पाहते. तिचा उजवा हात पूर्वीसारखा झालेला नाही आणि होणारही नाही. तिचे बोलणे अजून अडखळते. मी कधी उडतो, कधी मोडतो. पण कपाटावर मी परत गेलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी मोडलेली वस्तू असेल. तिच्याकडे पाहवत नाही म्हणून कोणीतरी ती उंचावर ठेवून दिली असेल. ती खाली काढा. तिच्यावरचे ओझे उतरवा, धूळ पुसा, कुठे तुटली ते नीट पाहा. दुरुस्त करताना वाकडी झाली तर पुन्हा करा. एकट्याचे हात पुरले नाहीत, तर दुसरे टोक धरायला कोणाला तरी बोलवा, आणि ते माणूस चुकले, चिडले, बास म्हणाले, तरी त्याची जागा टेबलाशी मोकळी ठेवा. माझ्यासारख्यांना कौतुक नाही मिळाले तरी चालते. हात मिळायला हवेत.

आता मला बोलणे आवरते घ्यायला हवे. काल माझी शेपूट झाडात अडकून फाटली आणि आज सकाळीच दोघींनी ती चिकटवली आहे. गोंद वाळेपर्यंत अजिबात हलायचे नाही, अशी ताईची ताकीद आहे.